डावे-उजवे

सातवा डाव चालू होता. यजमान संघ एका धावेने मागे होता, दोन बेसवर त्याचे गडी उभे होते, आणि बॅट घेऊन निघालेल्या पोराने त्या संध्याकाळी आधीच दोन चांगले फटके मारलेले होते. बॉल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात समोरच्या मॅनेजरने खेळ थांबवला, उजव्या हाताचा पिचर काढला आणि एक डावखुरा पिचर आणला. त्याचे सरावाचे चेंडू टाकून होतात न होतात तोच यजमानांच्या मॅनेजरने त्या पोराला परत बोलावले. पोराने वाद घातला नाही. वळला, हेल्मेट काढले, बॅट खाचेत ठेवली आणि बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी उजव्या हाताने खेळणारा दुसरा बॅटर गेला. बेसबॉलमध्ये एकदा काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही. त्याची संध्याकाळ तिथे संपली.

मला मुलीच्या शेजारच्या गृहस्थांनी सामन्याला नेले होते. वय अठ्ठ्याहत्तर, उभी हयात पोलादाच्या कारखान्यात गेलेली. मी विचारले, "चांगला खेळत होता की. का काढलं?"

"तो डावखुरा आहे. पिचरही डावखुरा आला," ते म्हणाले, जणू पाऊस आला म्हणून छत्री उघडली असे सांगावे.

मी त्यांना सांगितले, की आमच्या भाषेत पक्षपाताला 'डावे-उजवे करणे' असेच म्हणतात. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक वाढले, की डावे-उजवे केले. एखाद्याला मुद्दाम बाजूला ठेवायचे तर 'डावलणे' म्हणतात, आणि त्या शब्दातही डावा ऐकू येतोच. जो सरस तो 'उजवा'. हात पाहूनच पोराला डावललेले मी आत्ता समोर पाहिले होते. ते हसले आणि म्हणाले, "पण इथे कोणी ओरडले का?" खरेच, चाळीस वर्षे या संघावर जीव लावून बसलेली माणसे आजूबाजूला होती आणि कोणाला त्यात अन्याय दिसला नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याचे कारण बेसबॉल नव्हते. पण ते बेसबॉलमुळे आठवले, म्हणून आधी खेळाचे सांगतो.

बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न खाता येतो. पिचर साठ फूट सहा इंचांवरून फेकतो आणि वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी पोचतो. तेवढ्यात ओळखायचे, ठरवायचे आणि बॅट फिरवायची. उजव्या हाताचा पिचर उजव्या बॅटरला टाकतो तेव्हा चेंडू बॅटरच्या पाठीमागून आल्यासारखा वाटतो आणि वळणारा चेंडू शेवटच्या क्षणी त्याच्यापासून दूर निघून जातो, आपल्याकडच्या आउटस्विंगरसारखा. तोच चेंडू डावखुऱ्या बॅटरला हातातून सुटल्यापासून स्वच्छ दिसतो आणि वळून त्याच्याकडेच येतो. डावखुऱ्या पिचरपुढे हे सगळे उलटे होते. म्हणून समान हाताच्या जोडीत पिचरचे पारडे जड आणि विरुद्ध हाताच्या जोडीत बॅटरचे. फरक किती? शंभर खेळींमागे दोन-तीन फटक्यांचा. ऐकायला काहीच नाही. पण ज्या खेळात दहापैकी तीनदा यश मिळवणारा उत्तम बॅटर गणला जातो, तिथे वर्षभरात या दोन-तीनांचे बरेच होते.

ही गोष्ट माणसांना फार पूर्वीच कळली होती. १९१४ साली बोस्टन ब्रेव्ह्‌ज संघ ४ जुलैला आपल्या लीगमध्ये तळाला होता. मॅनेजर जॉर्ज स्टॉलिंग्ज समोरच्या पिचरचा हात बघून आपले बाह्यक्षेत्रातले खेळाडू बदलत असे. तो संघ लीग जिंकला आणि वर्ल्ड सिरीजचे चारही सामने सलग जिंकला. पुढे या पद्धतीला लष्करातला शब्द चिकटला: प्लाटून. एकाच जागेसाठी दोन माणसांची तुकडी, एक डावा, एक उजवा.

या पद्धतीचा सर्वांत नामांकित पुरस्कर्ता केसी स्टेंगेल. तो स्वतः डावखुरा बॅटर होता आणि न्यूयॉर्क जायंट्‌समध्ये असताना मॅनेजर जॉन मॅग्रॉने त्याला हात बघूनच खेळवले आणि हात बघूनच बसवले. १९२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने दोन सामने आपल्या होमरनवर जिंकून दिले. मालिका संघ हरला आणि त्यानंतर स्टेंगेलला दुसऱ्या संघाकडे धाडण्यात आले. पुढे हाच माणूस १९४९ मध्ये यांकीज संघाचा मॅनेजर झाला आणि त्याने हँक बाऊर आणि जीन वुडलिंग या दोघांना अगदी तसेच वागवले. बाऊर उजवा, वुडलिंग डावा. दोघांनाही रोज खेळायचे होते आणि दोघेही कुरकुरत. १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षे तो संघ वर्ल्ड सिरीज जिंकला.

माझ्या शेजाऱ्यांचा जीव अडकलाय तो अर्ल वीव्हरमध्ये. १९६८ पासून १९८२ पर्यंत ओरिओल्सचे मॅनेजर. कोणता बॅटर कोणत्या पिचरपुढे कसा खेळला, याची टिपणे ते कार्डांवर ठेवत. लेफ्ट फील्डच्या एका जागेवर त्यांच्याकडे जॉन लोवेनस्टीन हा डावखुरा आणि गॅरी रेनिकी हा उजवा असे दोघे होते. १९८२ मध्ये त्या दोघांनी मिळून पंचेचाळीस होमरन मारले: लोवेनस्टीनचे चोवीस, रेनिकीचे एकवीस. "दोन साधी माणसं जोडून एक मोठा खेळाडू केला," असे शेजारी सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज देवळातल्यासारखा होतो.

कार्ड म्हटले आणि मला माझे कार्ड आठवले.

मी एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत कर्ज विभागात होतो. आमच्या शाखेत एक वही होती. ती कोणत्याही नियमात नव्हती, तपासणीच्या वेळी ती टेबलावर नसे, पण प्रत्येक नवा अधिकारी पहिल्या आठवड्यात ती वाचत असे. त्यात गावाच्या आळ्या आणि वस्त्या होत्या आणि प्रत्येकीपुढे वसुलीचा हिशेब. काही नावांपुढे लाल फुली. १९९४ च्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. त्यांना पिठाची गिरणी टाकायची होती. बावीस हजारांचे कर्ज हवे होते. जागा स्वतःची, विजेच्या जोडणीचा अर्ज केलेला, आणि आजूबाजूच्या बायकांना दळणासाठी दीड मैल जावे लागते हे मलाही ठाऊक होते. वस्ती लाल फुलीची. तिथे आधी दिलेल्या अकरा कर्जांपैकी सात थकलेली होती. त्यांनी दोन जामीनदार आणले होते, पण तेही त्याच वस्तीतले, म्हणून तेही चालत नव्हते.

मी सांगितले, "बाई, त्या भागात आमची वसुली होत नाही. वरून मंजुरी मिळणार नाही." वर पाठवलेच नव्हते.

त्या म्हणाल्या, "सायेब, माझं काय थकलंय?"

"तुमचं काही नाही."

"मग माझं बघा की."

मी पाहिले नाही. पाहण्यासारखे काही नव्हतेही. कर्जच कधी मिळाले नव्हते, तर परतफेडीची नोंद कुठून असणार? त्यांनी कागद पिशवीत घातले आणि निघून गेल्या. त्या पोराने जशी बॅट खाचेत ठेवली, तसेच. वाद घातला नाही.

इतकी वर्षे मी स्वतःशी एकच बचाव करत आलो: मी पक्षपात केला नाही, हिशेब केला. त्या रात्री बॉल्टिमोरला पडल्यापडल्या वाटले, की हा बचाव नीट तपासायला हा खेळ चांगली जागा आहे. इथे जात नाही, धर्म नाही, वस्ती नाही. कोणाच्या मनात डावखुऱ्यांबद्दल आकस नाही. फक्त हात आणि हिशेब. इथे जर डावे-उजवे करणे योग्य असेल, तर माझे काय चुकले? आणि माझे चुकले असेल, तर इथे सगळे गप्प का?

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे, की सरासरी खोटी नसते. सभ्य माणसांना असे म्हणायला आवडते, की गटावरून माणूस ओळखू नये, प्रत्येकाला त्याच्या गुणांवर तोलावे. मलाही आवडते. पण त्या पोराचे गुण मॅनेजरला दिसणार कुठून? डावखुऱ्या पिचरपुढची त्याची मागची वीस खेळी? वीस खेळींत नशीब इतके मिसळलेले असते, की त्यातून गुण वेगळा काढता येत नाही. वीव्हरच्या कार्डांवरही एकेका पिचरपुढे आठ-दहा खेळींच्याच नोंदी असत. दिसायला ते कार्ड माणसाची दखल घेणारे वाटते, पण आठ खेळींवरून निवाडा करणे हे नाणे आठदा उडवून त्याचा स्वभाव ठरवण्यासारखे आहे. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी 'द बुक' या ग्रंथात हा हिशेब काढला आहे. डावखुऱ्या बॅटरच्या बाबतीत, त्याच्या स्वतःच्या नोंदीला गटाच्या सरासरीइतके वजन द्यायला डावखुऱ्या पिचरपुढच्या सुमारे एक हजार खेळी लागतात. उजव्या बॅटरला दोन हजारांच्या आसपास. त्याआधी सरासरीच जास्त खरे सांगते.

म्हणजे मॅनेजर आळशी नव्हता. त्याने माणूस पाहायचे नाकारले नव्हते; माणूस अजून दिसतच नव्हता. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याबद्दल काही ठरवायचेच असेल, तर त्याच्यासारख्या इतरांवरून ठरवणे यात लबाडी नाही. डॉक्टर तेच करतात, विमेवाले तेच करतात, पहिलटकरणीला सल्ला देणारी आजीही तेच करते. इथवर मॅनेजर निर्दोष, आणि मीही.

पण या एक हजाराच्या आकड्यापाशी थोडे थांबावे लागते. रोज खेळणाऱ्या बॅटरला वर्षात सहाशेच्या आसपास खेळी मिळतात. मोठ्या लीगमधले सुमारे पाव पिचर डावखुरे असतात. म्हणजे डावखुऱ्या पिचरपुढे वर्षाला दीडशेच्या जवळपास. सहा-सात वर्षे रोज खेळला, तर त्याची स्वतःची नोंद बोलू लागेल. आता डावखुरा आला की ज्याला उठवले जाते, त्याला वर्षाला अशा तीस-चाळीस खेळी मिळाल्या तर खूप. त्याचा हजाराचा हिशेब पुरा व्हायला पंचवीस-तीस वर्षे हवीत. इतकी वर्षे कोणी खेळत नाही. तो निवृत्त होईल, आणि तो डावखुऱ्यांपुढे कसा होता हे कोणालाही, त्याला स्वतःलाही, कधी कळणार नाही.

आणि नुसते कळणार नाही एवढेच नव्हे. ज्या चेंडूंपुढे उभेच केले नाही, ते खेळायला माणूस शिकणार कसा? डावखुऱ्या बॅटरांचा तोटा उजव्या बॅटरांच्या तोट्यापेक्षा मोठा असतो, आणि त्याचे एक कारण असे मानतात, की लहानपणापासून त्यांना डावखुरे पिचर कमी भेटतात. अननुभवाने तोटा, तोट्यामुळे बाक, बाकामुळे अननुभव. सरासरी खरी असते, पण ती खरी राहावी याची व्यवस्था आपणच करत असतो.

इचिरो सुझुकीचे उदाहरण घ्या. मूळचा उजवा, वडिलांनी लहानपणी डावीकडून बॅट धरायला लावलेला. नियमाप्रमाणे डावखुऱ्या पिचरांनी त्याला त्रास द्यायला हवा होता. २००४ साली त्याने एका हंगामात २६२ हिट्‌स मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा विक्रम मोडला, आणि त्या वर्षी डावखुऱ्या पिचरांपुढे त्याची सरासरी चारशेच्या वर होती, उजव्यांपेक्षाही सरस. तो अपवाद आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण त्याला कोणी उठवले नाही. जपानमध्ये आणि अमेरिकेत तो रोज खेळला. जे बसवले गेले त्यांच्यात असे किती होते, हे मोजण्याचा मार्ग नाही. माझ्या त्या वहीतही थकलेल्या कर्जांना रकाना होता. न दिलेल्या कर्जांना नव्हता. न दिलेले कर्ज बुडत नाही आणि फेडलेही जात नाही. त्यामुळे मी त्या बाईंबाबत चुकलो की नाही, याचा पुरावा निर्माण होण्याआधीच मी तो मिटवला होता. आणि पुरावा नाही म्हणून वर्षानुवर्षे निर्धास्त झोपलो होतो.

तरीही कॅम्डन यार्ड्समध्ये कोणी का ओरडले नाही, हे शिल्लक राहतेच. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या पडवीत बसून मी त्यांना हे विचारले. त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. म्हणाले, "लोवेनस्टीनला विचारा. तो बसायचा तेव्हा रेनिकी मारायचा, आणि जिंकायचा तो संघ लोवेनस्टीनचाच असायचा."

मला वाटते, यात अर्धे उत्तर आहे. बाऊर आणि वुडलिंग कुरकुरले, पण वर्ल्ड सिरीजचा पैसा दोघांनाही मिळाला, अंगठी दोघांच्याही बोटात आली. ज्याला बसवले, त्याच्या बसण्याने जो फायदा झाला, त्यात त्याचा वाटा होता. मी त्या बाईंना नाही म्हणून बँकेचे बावीस हजार 'वाचवले'. त्या वाचलेल्या पैशाचा लाभांश सभासदांना गेला. बाई सभासद नव्हत्या. त्यांच्या बसण्याने संघ जिंकला असेलही, पण तो संघ त्यांचा नव्हता.

दुसरे असे, की बेसबॉलमधला तोटा एका जागी राहतो. डावखुऱ्या पिचरपुढे तोटा, तर उजव्यापुढे फायदा. आणि उजवे पिचर तिप्पट आहेत, म्हणून तुकडीतल्या डावखुऱ्यालाच जास्त दिवस खेळायला मिळते. शिवाय तो पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, त्याला धावायला एक पाऊल कमी पडते. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने पुष्कळ परत मिळते. त्या बाईंच्या बाबतीत मात्र सगळे एकाच बाजूला साचत होते. वस्तीमुळे कर्ज नाही, वस्तीमुळे जामीन नाही, कर्ज नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही. आमच्याशिवाय इतर बँकांतही अशीच वही असणार. त्यांच्यासाठी कुठेही उजव्या हाताचा पिचर नव्हता.

मिकी मँटलला वडिलांनी आणि आजोबांनी लहानपणापासून दोन्ही हातांनी खेळायला शिकवले, आणि त्याला उठवायचे कारणच कोणाला उरले नाही. तोही स्टेंगेलच्याच संघात होता. पॅट व्हेंडिटी नावाचा पिचर तर दोन्ही हातांनी टाकायचा, सहा बोटांचा खास ग्लोव्ह घालून. २००८ मध्ये त्याच्यापुढे दोन्ही हातांनी खेळणारा बॅटर आला, तेव्हा दोघेही एकमेकांचे बघून पुन्हा पुन्हा बाजू बदलत राहिले आणि खेळ खोळंबला. शेवटी, पिचरने आधी हात जाहीर करावा असा नियम करावा लागला. हे वाचून आपण हसतो. पण ज्याला नियमातून सुटायचे त्यानेच दुप्पट शिकावे, असा त्याचा एक अर्थ आहे, आणि तो मला फारसा हसण्यासारखा वाटत नाही. गरीब वस्तीतल्या मुलांना आपण रोज हेच सांगतो: इतके चांगले व्हा, की कोणाला नाही म्हणताच येऊ नये. काही जण होतातही. ज्यांना एरवी साधे, बरे, प्रामाणिक असणे पुरले असते, त्यांचे काय?

२०२० मध्ये मेजर लीगने एक नियम आणला. तोवर एकाच डावखुऱ्या बॅटरसाठी डावखुरा पिचर आणायचा आणि एका बॅटरनंतर लगेच काढायचा, अशी रीत पडली होती. जेसी ओरोस्को हा डावखुरा पिचर शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, २००३ पर्यंत टिकला आणि १,२५२ सामन्यांचा विक्रम करून गेला. शेवटची कित्येक वर्षे त्याचे काम बहुतेक असेच, एक-दोन बॅटरांपुरते होते. नव्या नियमाप्रमाणे आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरांना सामोरे गेले पाहिजे, किंवा तो अर्धा डाव संपवला पाहिजे. न्यायाचा यात काही संबंध नव्हता. खेळ सारखा थांबतो म्हणून लोक कंटाळत होते. पण परिणाम पाहण्यासारखा आहे. पिचर निवडताना आता एका हाताचा हिशेब पुरत नाही, पुढच्या दोघांचाही करावा लागतो. आणि ज्याला फक्त 'डावखुऱ्यांचा' म्हणून वापरायचे, त्याला उजव्यांपुढे उभे करणे भाग पडते. हिशेब तोच राहिला, फक्त त्याला थोडी कमी मुभा मिळाली. बेसबॉल बुडाले नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. बँकेतला पैसा माझा नव्हता. त्यात निवृत्त शिक्षकांच्या ठेवी होत्या, विधवांच्या होत्या. त्यांच्या जिवावर मी उदार व्हायचे? आणि अकरापैकी सात थकली, ही गोष्ट बाईंच्या प्रामाणिकपणाने बदलत नाही. हे मी नाकारत नाही. वस्तीतल्या सगळ्यांना कर्ज द्यायला हवे होते, असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे लहान आहे. सरासरी आपल्याला ज्याला डावलायला सांगते, त्याचे आपण काही देणे लागतो. ती सांगते ते खोटे असते म्हणून नव्हे. ते खरे असतानाही. ज्याच्याबद्दल पुरावा नाही त्याला तो निर्माण करायची थोडी तरी संधी, आणि ती फसली तर तिचा तोटा आपल्या खर्चात. आणि निदान खरे कारण तोंडावर सांगणे. पोराला खरे कारण कळले होते. मी त्या बाईंना 'वरून' म्हणालो होतो.

गावी परतल्यावर मी एका लहान पतसंस्थेच्या कर्ज समितीवर बसू लागलो. मागच्या बैठकीत मी सुचवले, की दरवर्षी ठरावीक लहानशी रक्कम अशा अर्जदारांसाठी बाजूला ठेवावी, ज्यांच्या वस्तीची नोंद वाईट आहे पण स्वतःची नोंदच नाही. नफ्यातून. बुडेल ते संस्थेचा शिकण्याचा खर्च म्हणून लिहावे, आणि फेडले जाईल ते त्या माणसाच्या नावावर, वस्तीच्या नव्हे.

एका सदस्यांनी विचारले, "आणि बुडाली तर?"

"काही बुडतीलच," मी म्हणालो.

विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

त्या सामन्याचे राहिले. पोराच्या जागी आलेला उजवा बॅटर बाद झाला आणि संघ हरला. त्यावरून मॅनेजर चुकला असे ठरत नाही. एका खेळीवरून काहीच ठरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पडवीत रेडिओ चालू होता. समोरचा पिचर उजव्या हाताचा होता. खेळणाऱ्यांच्या यादीत त्या पोराचे नाव दुसऱ्या क्रमांकावर वाचले गेले, आणि शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे बघा, आला की परत. मीही मान हलवली. पण माझ्या डोळ्यांपुढे कागद पिशवीत घालणारे दोन हात होते. त्यांतला डावा कोणता नि उजवा कोणता, हे मी तेव्हा पाहिलेही नव्हते.